प्रतिकृतीचें प्रामाण्य : आगगाडीच्या लहान नमुन्यांविषयीं कांहीं विचार

इतिहासाचीं साधनें कोणतीं, असें विचारलें असतां बखरी, पत्रव्यवहार, ताम्रपट, शिलालेख, नाणीं, वास्तू व उत्खननांत सांपडलेल्या वस्तू इतकीं नांवें कोणीहि अभ्यासक एका दमांत सांगेल. ह्या यादींत आगगाडीच्या लहान नमुन्याचें नांव घालावें असें कोणी सुचविल्यास ऐकणारा हंसेल, आणि प्रथमदर्शनीं त्याचें हंसणें योग्यहि वाटेल. जुन्या विलायती इंजिनांचे व डब्यांचे नमुने करणें हा लहान मुलांचा खेळ किंवा सेवानिवृत्तांचा विरंगुळा, अशी आपली समजूत आहे. मीहि बरींच वर्षें तसेंच समजत होतों. परंतु मोजून, ताडून आणि पुराव्याशीं पडताळून केलेला इंजिनाचा किंवा डब्याचा नमुना हें इतिहासाचें साधन होऊं शकतें, असें आतां माझें मत झालें आहे. मात्र तें कोणत्या अटींवर साधन होतें, आणि त्याची साक्ष कोठपर्यंत ग्राह्य धरावी, ह्याचा निर्णय आधीं झाला पाहिजे. तो करण्याचा अल्प प्रयत्न प्रस्तुत लेखांत आहे.

१

लहान गाडी मोठ्या गाडीची साक्ष देते, ही गोष्ट आपल्या देशांत नवी नव्हे. सिंधु संस्कृतीच्या काळची लांकडी बैलगाडी उत्खननांत सबंध हातीं आलेली नाहीं. लांकूड इतका काळ टिकत नाहीं. तरीहि त्या गाडीची चौकट कशी होती, चाकें भरींव कशीं होतीं, बैल कसे जोडीत असत, हें आज बऱ्याच खात्रीनें सांगतां येतें. तें ज्ञान मुख्यतः हडप्पा, मोहेंजोदडो इत्यादि ठिकाणीं सांपडलेल्या भाजक्या मातीच्या खेळण्यांवरून झालेलें आहे. खेळणें टिकलें आणि गाडी गेली. म्हणून खेळण्यास गाडीचा साक्षीदार व्हावें लागलें.

महाराष्ट्रांतील उदाहरण ह्याहून लक्षांत राहण्याजोगें आहे. आजच्या अहिल्यानगर जिल्ह्यांत प्रवरेच्या कांठीं दायमाबाद येथें १९७४ सालीं चार कांस्यवस्तू सांपडल्या. त्यांत एक हत्ती, एक गेंडा, एक रेडा आणि दोन बैल जोडलेला एक रथ आहे. रथांत सारथी उभा आहे. ह्या रथाची लांबी सुमारें ४५ सेंटिमीटर आहे. ह्या वस्तूंच्या काळाविषयीं विद्वानांत मतभेद आहे. बहुतेक जण त्या उत्तर-हडप्पा काळांत बसवितात. परंतु बैलांच्या मानेवर जूं कसें ठेविलें आहे आणि सारथी कोठें उभा आहे, हें दाखविणारा तो एक मूर्त कागदच आहे, ह्याविषयीं मतभेद नाहीं.

संस्कृत नाटकांच्या वाचकांस ह्या ठिकाणीं शूद्रकाच्या मृच्छकटिकाची आठवण झाल्यावांचून राहणार नाहीं. चारुदत्ताचा मुलगा रोहसेन मातीच्या गाडीशीं खेळण्यास तयार नाहीं, कारण त्यानें शेजाऱ्याच्या मुलाची सोन्याची गाडी पाहिली आहे. त्याचें रडणें पाहून वसंतसेना आपले दागिने त्या मातीच्या गाडींत भरते. पुढें न्यायसभेंत हेच दागिने विदूषकाच्या कांखेंतून खालीं पडतात आणि चारुदत्ताविरुद्ध पुरावा ठरतात. दागिने खरे होते, पण त्यांवरून काढलेलें अनुमान सर्वस्वीं खोटें होतें. खेळण्यांतील गाडीच्या साक्षीचा प्रश्न असा आमच्या वाङ्मयांत पूर्वींच येऊन गेलेला आहे, आणि त्यांतील धोकाहि तेथेंच दाखविलेला आहे.

२

आतां रायगडच्या किनाऱ्यावर राहणाऱ्या मनुष्यास आगगाडीच्या नमुन्यांविषयीं आस्था कां वाटावी, हें सांगणें अवश्य आहे. १६ एप्रिल १८५३ रोजीं मुंबईहून ठाण्यास उतारूंची पहिली गाडी गेली. त्यानंतर तीनच वर्षांनीं, १८५६ सालीं, ग्रेट इंडियन पेनिन्शुला कंपनीचे रूळ बोरघाटाच्या पायथ्याशीं खोपोलीपर्यंत येऊन पोहोंचले, आणि १८६३ सालीं घाटांतील मार्ग खुला झाला. म्हणजे आजच्या रायगड जिल्ह्याची पूर्वेची कड ही हिंदुस्थानांतील अगदीं आरंभींच्या रेल्वेमार्गांत मोडते. परंतु त्याच जिल्ह्याचा समुद्रकांठ मात्र शंभराहून अधिक वर्षें आगगाडीवांचून राहिला. दिवा-पनवेल मार्ग १९६४ सालीं झाला. गाडी रोह्यास पोहोंचली ती १९८६ सालीं. उरणच्या लोकांस उतारूंची गाडी मिळाली ती जानेवारी २०२४ मध्यें. अलिबाग, मुरुड व श्रीवर्धन ह्या तालुक्यांत उतारूंच्या गाडीचें स्थानक अद्यापि नाहीं.

ह्याचा परिणाम असा झाला कीं, जिल्ह्याचें नांव कुलाबा होतें त्या काळीं आमच्या किनाऱ्यावरील मूल आगगाडी प्रथम पाही तें बहुधा खेळण्यांत. रेवसहून किंवा धरमतरहून लाँचनें मुंबईस गेलेला कोणी काका परत येतांना किल्लीची पत्र्याची गाडी आणी; ओटीवर तिचे वर्तुळाकार रूळ मांडले जात, आणि आळींतील मुलें भोंवतीं बसत. खरी गाडी त्यानंतर पुष्कळ वर्षांनीं दिसे. घाटापलीकडील मुलास नमुना हा खऱ्या गाडीची आठवण वाटतो. आम्हांस खरी गाडी ही नमुन्याची आठवण वाटली. नमुन्यावरून मूळ वस्तूचें ज्ञान कितपत होतें, हा प्रश्न त्यामुळें आमच्याकडे केवळ पुस्तकी नाहीं.

ह्या छंदाचा उगम युरोपांतील आहे. इंग्लंडांत नॉर्दम्प्टन येथील बॅसेट-लोक ह्यांनीं एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस खऱ्या इंजिनांशीं ताडून केलेले नमुने विकण्यास आरंभ केला. परंतु त्यांपैकीं कित्येक ‘इंग्लिश’ इंजिनें पहिल्या महायुद्धापूर्वीं जर्मनींत न्युरेंबर्गच्या बिंग कारखान्यांत तयार होत असत. लिव्हरपूल येथील फ्रँक हॉर्नबी ह्यांनीं १९२० सालीं आपल्या गाड्या बाजारांत आणल्या, आणि १९३८ सालीं त्यांच्या कारखान्यानें ‘डब्लो’ नांवाच्या निम्म्या मापाच्या गाड्या काढल्या. तेव्हांपासून हा छंद सामान्य गृहस्थाच्या टेबलावर मावूं लागला. आपल्याकडे हा नाद सार्वजनिक स्वरूपांत पाहावयाचा असल्यास पुण्यास कोथरूड भागांतील जोशी ह्यांच्या लघुरेल्वे संग्रहालयांत जावें. भाऊ जोशी ह्यांच्या आयुष्यभराच्या छंदांतून उभें राहिलेलें हें संग्रहालय १९९८ सालीं लोकांस खुलें झालें. तेथें शहर, रस्ते व सर्कस ह्यांच्यामधून वाफेचीं, डिझेलचीं व विजेचीं लहान इंजिनें धांवतात. एका मराठी गृहस्थानें हौसेनें चालविलेली ही खटपट आमच्या संशोधकांनीं करमणूक म्हणून सोडून द्यावी, हें मला उचित वाटत नाहीं.

३

नमुना आणि खेळणें ह्यांमधील भेद एका शब्दांत सांगावयाचा तर तो शब्द ‘प्रमाण’ हा होय. ही कल्पनाहि आम्हांस परकी नाहीं. वराहमिहिरानें बृहत्संहितेंत प्रतिमेचीं मापें सांगतांना मूर्तीचें मुख तिच्याच अंगुलांनीं बारा अंगुलें असावें असें सांगितलें आहे. येथें ‘तिच्याच’ हा शब्द महत्त्वाचा आहे. अंगुल हें मूर्तिकाराच्या बोटाचें माप नव्हे; मूर्तीच्या उंचीवरून काढलेलें तें तिचें स्वतःचें माप. त्यामुळें मूर्ति वीतभर असो वा पुरुषभर, तिचे अवयव परस्परांशीं जुळतात. आमच्या जिल्ह्यांतील पेणचे मूर्तिकार एकच गणपति निरनिराळ्या उंचीचा करितात तेव्हां हेंच तत्त्व त्यांच्या हातांत असतें.

आगगाडीच्या नमुन्यांतहि तेंच तत्त्व आहे. ‘चार मिलिमीटरचें प्रमाण’ म्हणजे मूळच्या एका फुटास नमुन्यांत चार मिलिमीटर. ‘सात मिलिमीटरचें प्रमाण’ म्हणजे एका फुटास सात. एकदां हें माप ठरलें कीं धुराड्याच्या उंचीपासून डब्याच्या खिडकीपर्यंत सर्व कांहीं त्याच मापानें झालें पाहिजे. परंतु येथेंच एक अडचण उद्भवते, आणि ती आपल्या इतिहासाशीं निगडित आहे.

इंग्लंडांत दोन रुळांमधील अंतर ४ फूट ८½ इंच आहे. हिंदुस्थानांत मुख्य मार्गांसाठीं ५ फूट ६ इंच हें अंतर ठरविण्यांत आलें. आतां इंग्लंडांत चार मिलिमीटरच्या प्रमाणाचे जे नमुने विकले जातात त्यांचे रूळ १६.५ मिलिमीटर रुंदीचे असतात. चारनें भागितल्यास हें अंतर ४ फूट १½ इंच इतकेंच येतें, म्हणजे विलायती गाडीसहि तें अपुरें आहे. आरंभींच्या काळीं लहान इंग्लिश इंजिनाच्या पोटांत मोटर मावेना, म्हणून गाडीचें अंग थोडें मोठें केलें आणि रूळ होते तसेच ठेविले. ती तडजोड पुढें रूढ झाली. आमच्या पेनिन्शुला रेल्वेचें इंजिन चार मिलिमीटरच्या प्रमाणांत करावयाचें तर रूळ २२ मिलिमीटर रुंद पाहिजेत. बाजारांतील रुळांवर तें उभें केल्यास रुंदींत १ फूट ४½ इंचांची खोट येते. असें इंजिन पाहणाऱ्यास उंच, अरुंद व डगमगतें वाटेल, आणि खरें इंजिन तसेंच होतें असा त्याचा ग्रह होईल.

ही खोट लहान नाहीं. हिंदुस्थानांतील रेल्वेचा रुंद मार्ग हा आमच्या इतिहासाचा एक मुख्य विशेष आहे. रुंद रुळांमुळें डबे रुंद झाले, आणि रुंद डब्यांमुळें एका बाकावर अधिक माणसें बसलीं. नमुना करणाऱ्यानें सोयीसाठीं विलायती रूळ घेतले कीं ह्या विशेषाचाच लोप होतो. उलट कोणी हट्टानें स्वतः २२ मिलिमीटरचे रूळ तयार केले, तर त्यास प्रत्येक आंस, प्रत्येक चाक व प्रत्येक तुळई नव्यानें मोजावी लागते, आणि मोजतांना त्यास जें कळतें तें पुस्तकांत बहुधा नसतें.

४

ह्याचा अनुभव मला स्वतःस आला आहे, आणि तो माझ्या अज्ञानाचा असल्यामुळें सांगण्यास संकोच वाटत नाहीं.

आमच्या जिल्ह्यांतील नेरळ-माथेरान मार्ग सर्वांच्या परिचयाचा आहे. सर आदमजी पीरभॉय ह्यांच्या द्रव्यबळावर त्यांचे चिरंजीव अब्दुल हुसेन ह्यांनीं तो बांधविला, आणि १९०७ सालीं तो सुरू झाला. रुळांमधील अंतर दोन फूट, लांबी सुमारें २० किलोमीटर, आणि चढ कांहीं ठिकाणीं विसांस एक. ह्या मार्गासाठीं आरंभीं चार इंजिनें आणलीं. मार्ग इंग्रजी अमलांतील, आंखणींत बार्शी लाइट रेल्वेचे प्रवर्तक एव्हरार्ड कॅलथ्रॉप ह्यांचा हात. तरी इंजिनें मात्र जर्मनींतील ऑरेनस्टाइन व कॉपेल ह्या कारखान्याचीं होतीं. ‘विलायती’ म्हणून ओळखली जाणारी प्रत्येक वस्तु इंग्लंडांतील असतेच असें नाहीं, हें बिंगच्या खेळण्यांविषयीं वर सांगितलेंच आहे. तेंच येथें खऱ्या इंजिनांस लागू पडतें.

सेवानिवृत्तीनंतर मीं ह्यांपैकीं एका इंजिनाचा नमुना करण्यास घेतला. एका फुटास १६ मिलिमीटर हें प्रमाण धरिलें असतां दोन फुटांचे रूळ बरोबर ३२ मिलिमीटरचे होतात, आणि ३२ मिलिमीटर हें तर जुन्या किल्लीच्या गाड्यांच्या रुळांचें सर्वपरिचित माप आहे. विलायती रुंद गाडीस जे रूळ खोटे ठरतात तेच आमच्या माथेरानच्या गाडीस तंतोतंत खरे ठरतात, ह्या योगायोगाचा मला मोठा आनंद झाला. छायाचित्रांवरून व नेरळ येथें प्रदर्शनार्थ उभ्या असलेल्या जुन्या इंजिनावरून मापें घेतलीं. सागवानी फळी, पितळी पत्रा व सायकलच्या चाकांतील तारा एवढ्या सामग्रीवर तीन आंसांचें, सहा चाकांचें इंजिन उभें राहिलें. बाह्यतः तें हुबेहूब दिसत होतें. घरीं येणारे लोक त्याची वाखाणणी करीत.

परंतु तें वळणावरून जाईना. सरळ रुळांवर तें नीट चाले. घाटांतल्यासारखें तीव्र वळण मांडलें कीं पुढचें चाक रुळावर चढे आणि मागचें खालीं उतरे. मीं मधल्या चाकांच्या कडा घांसून कमी केल्या. वळणावर रूळ थोडे रुंद केले. इंजिन कसेंबसें वळूं लागलें. पण मनांत डांचत राहिलें, कीं आपण इंजिनाचा नमुना करीत नसून आपल्या चुकीसाठीं सबब तयार करीत आहों. खरें इंजिन माथेरानच्या डोंगरांत असंख्य वळणें घेत जात होतें. त्याच्या चाकांच्या कडा कोणी घांसल्या नव्हत्या.

पुढें एका वृद्ध फिटरची गांठ पडली. त्यानें माझें इंजिन उलटें करून पाहिलें आणि हंसून म्हटलें, “मास्तर, पुढची नि मागची चाकं तुम्ही आंसाला जाम बसवलीत. तीं आंसावर सरकतात. आंस पोकळ असतो.” मला प्रथम कांहींच बोध झाला नाहीं. त्यानें उसाचें कांडें व बोरूची काडी घेऊन समजावून दिलें. ह्या इंजिनांच्या पहिल्या व शेवटच्या आंसाची रचना दुहेरी आहे. आंतील भरींव आंस बाहेरच्या दांड्यांनीं फिरतो व चौकटींत सरळ राहतो. त्याच्यावर एक पोकळ आंस असतो, आणि चाकें ह्या पोकळ आंसास जोडलेलीं असतात. दोन्ही आंस मध्यभागीं एका गोलाकार सांध्यानें एकमेकांत अडकलेले असतात. त्यामुळें आंतील आंस बाहेरच्यास फिरवितो, पण वळण आलें कीं बाहेरचा थोडा बाजूस सरकतो व थोडा तिरपाहि होतो. सॅक्सनीच्या रेल्वेंतील क्लीन व लिंडनर ह्या दोन तज्ज्ञांच्या नांवानें ही युक्ति ओळखली जाते.

त्यानंतर नेरळच्या इंजिनाखालीं वांकून पाहिलें तेव्हां जें पूर्वीं समोर असून दिसलें नव्हतें तें दिसूं लागलें. चाकें चौकटीच्या आंत दडलेलीं असल्यामुळें छायाचित्रांत ही रचना येत नाहीं. माथेरानविषयीं जें मीं वाचलें होतें त्यांत खर्च, तारखा, चढ व पीरभॉय पितापुत्रांची हकीकत होती. आंसाची हकीकत नव्हती.

पण इतिहासाच्या दृष्टीनें आंसाची हकीकत हीच मार्गाची हकीकत आहे. डोंगर चढण्याचे दोन उपाय असतात. एक, रुळांच्या मध्यें दांतेरी पट्टी बसवून सरळ चढणें. दुसरा, चढ सौम्य ठेवून डोंगराच्या अंगानें वळणें घेत लांबून जाणें. माथेरानला दुसरा उपाय स्वीकारला. तो शक्य झाला, कारण तीव्र वळणांवर वळणारें आणि तरीहि सहाहि चाकांनीं रूळ धरून ओढणारें इंजिन मिळालें. मार्गाचीं वळणें आणि इंजिनाचा पोकळ आंस हीं एकाच लेखाचीं दोन पानें आहेत. त्यांपैकीं एक पान माझ्या हातून सुटलें होतें, आणि तें सुटल्याची जाणीव मला कोणत्याहि पुस्तकानें दिली नाहीं. माझ्या नमुन्यानें रुळावरून उतरून दिली.

नमुन्याचें खरें प्रामाण्य, माझ्या मतें, येथें आहे. लेखक अज्ञात गोष्ट वगळून पुढें जाऊं शकतो. वाक्य मोघम ठेवलें कीं काम भागतें. चित्रकार सांवली घालून दडवूं शकतो. नमुना करणाऱ्यास मात्र प्रत्येक खिळा कोठें तरी ठोकावाच लागतो. त्यास माहीत नाहीं तें त्याच्या हातास ताबडतोब कळतें.

५

ही गोष्ट आरंभींच्या इंजिनांस विशेषेंकरून लागू आहे. १८५३ च्या मार्गासाठीं इंग्लंडांतील व्हल्कन फाउंड्रीनें आठ इंजिनें पाठविलीं होतीं. साहिब, सिंध व सुलतान हीं नांवें लोकांत प्रसिद्ध आहेत. परंतु त्या आठांपैकीं एकहि इंजिन आज शिल्लक नाहीं. कलकत्त्याकडील १८५५ सालचें ‘फेअरी क्वीन’ सुदैवानें टिकलें. मुंबईकडील त्याचीं वडील भावंडें मोडींत गेलीं. ज्या गाडीनें पश्चिम हिंदुस्थानांत इतकें परिवर्तन घडवून आणलें तिचें दर्शन आतां केवळ आराखडे, वर्णनें व त्यांवरून केलेले नमुने ह्यांच्याच द्वारें होणें शक्य आहे. हडप्पाच्या गाडीची जी स्थिति तीच ह्या गाडीचीहि झाली, आणि तीहि अवघ्या दीडदोनशें वर्षांत.

माथेरानच्या चार इंजिनांची अवस्था ह्याहून बरी आहे. वाफेचा काळ संपल्यावर एक दिल्लीच्या राष्ट्रीय रेल्वे संग्रहालयांत गेलें, एक इंग्लंडांत पोहोंचलें, आणि एक नेरळ येथें उभें आहे. बोरघाटांत १९२८ सालापासून आलेलीं विजेचीं मालगाडीचीं इंजिनें, ज्यांस आमचे लोक ‘खेंकडा’ म्हणत, त्यांपैकींहि नमुन्यादाखल एक दिल्लीस आहे. उभें असलेलें इंजिन अंग दाखवितें, चाल दाखवीत नाहीं. खेंकडा हें नांव कां पडलें तें, लांब नाकाडाचें तें इंजिन दांडे हलवीत डोलत जातांना पाहिल्यावांचून कळत नाहीं. आणि तें आतां फक्त चालत्या नमुन्यावर पाहतां येईल.

येथें डब्यांविषयीं दोन शब्द लिहिले पाहिजेत. नमुने करणाऱ्यांचें प्रेम इंजिनावर असतें. त्याखालोखाल वरच्या वर्गाच्या सलूनवर. तिसऱ्या वर्गाचा डबा फारसा कोणी आंतून करीत नाहीं. परंतु आमचे पूर्वज प्रवास करीत ते ह्याच डब्यांतून. महात्मा गांधींनीं १९१७ सालीं तिसऱ्या वर्गाच्या प्रवासावर स्वतंत्र निबंध लिहिला. बंगालकडील एका उतारूनें गाडींत शौचकूप नसल्यामुळें झालेल्या फजितीबद्दल १९०९ सालीं केलेली तक्रार प्रसिद्धच आहे. १९७४ सालीं तिसरा वर्ग नांवानें बंद झाला. अशा डब्याचा नमुना करणाऱ्यास विचारावें लागतें : बाकें किती, फळ्यांची रुंदी किती, दिवे किती, दारें कोणत्या बाजूस उघडत, शौचकूप कोणत्या सालापासून धरावा? ह्या प्रश्नांचीं उत्तरें मिळविणें म्हणजेच त्या काळच्या सामान्य मनुष्याचा इतिहास लिहिणें होय. सलूनच्या मखमलीचा रंग शोधण्यापेक्षां हें काम अधिक मोलाचें आहे.

६

आतां पूर्वपक्ष विचारांत घेऊं. कोणी म्हणेल, नमुना हा आपल्याच माहितीवरून केलेला असतो. मग तो आपणांस नवें काय सांगणार? आपण घातलें तेंच त्यांतून बाहेर निघणार. ह्यास अन्योन्याश्रय दोष म्हणतात. ह्याचें उत्तर माझ्या फसलेल्या इंजिनानें दिलेंच आहे. नमुन्यांत आपण माहिती घालतों हें खरें, पण ती माहिती परस्परांशीं जुळते कीं नाहीं ह्याचा निकाल आपण लावीत नाहीं. तो लांकूड व पितळ लावतात. नमुना नवें सत्य सांगत नसेल, परंतु जुनें असत्य उघडें पाडतो.

दुसरा आक्षेप अधिक बळकट आहे. नमुन्यांत आकार कमी होतो त्या मानानें सर्व गुण कमी होत नाहींत. १६ मिलिमीटरच्या प्रमाणांत लांबी सुमारें एकोणीसपट कमी होते. पण वजन घनाच्या हिशेबानें कमी होतें, म्हणजे सुमारें ६,९०० पट. त्यामुळें चाकांची रुळांवरील पकड, वाफेचा जोर, डब्यांचा धक्का ह्यांविषयीं नमुन्याची साक्ष घेऊं नये. हा आक्षेप मला सर्वथा मान्य आहे. आकार, जागा, जोडणी व वळण ह्यांविषयीं नमुना विश्वसनीय. बळ व वेग ह्यांविषयीं अविश्वसनीय. साक्षीदार एका विषयांत अडाणी असला म्हणून त्याची दुसऱ्या विषयांतील साक्ष टाकाऊ होत नाहीं, हा न्यायसभेचा नियम येथेंहि लावावा.

तिसरा दोष मात्र नमुन्याचा नसून करणाऱ्याचा आहे. पूर्ण झालेला नमुना इतका निर्विकल्प दिसतो कीं, त्यांतील कोणता भाग मोजलेला व कोणता कल्पिलेला हें पाहणाऱ्यास समजत नाहीं. शंभर वर्षांनीं तो कोणाच्या हातीं लागला म्हणजे माझ्या घांसलेल्या चाकांवरून ‘माथेरानच्या इंजिनाच्या मधल्या चाकांस कडा नसत’ असा सिद्धांत निघावयाचा! वसंतसेनेच्या दागिन्यांची गत ती हीच.

ह्यावर उपाय आमच्या न्यायशास्त्रांतच आहे. ज्ञानाचीं साधनें नैयायिकांनीं चार मानिलीं आहेत : प्रत्यक्ष, अनुमान, उपमान व शब्द. प्रत्येक नमुन्याबरोबर एक टिपण असावें, आणि त्यांत प्रत्येक मुख्य अवयवापुढें ह्यांपैकीं एकाची खूण असावी. मूळ वस्तूवर फूटपट्टी ठेवून घेतलेलें माप तें प्रत्यक्ष. आराखडा, कारखान्याची नोंद किंवा माहितगाराचें सांगणें तें शब्द. त्याच कारखान्याच्या दुसऱ्या इंजिनाशीं सादृश्य पाहून केलेलें तें उपमान. आणि ह्या तिहींचाहि आधार नसतां तर्कानें बसविलेलें तें अनुमान. माझ्या इंजिनाचें असें टिपण मीं आतां केलें आहे. चौकट प्रत्यक्ष, पोकळ आंस प्रथम शब्द व मागाहून प्रत्यक्ष, बॉयलरच्या आंतील भाग अनुमान. चाकें नवीन केलीं. घांसलेलीं जुनीं चाकें फेंकून न देतां त्याच पेटींत, चूक म्हणून नोंदवून, ठेविलीं आहेत.

असें टिपण जोडलेला नमुना संशोधन-संस्थांच्या संग्रहांत कागदपत्रांच्या शेजारीं ठेवण्यास कोणतीहि हरकत नसावी, असें माझें नम्र मत आहे. टिपण नसलेला नमुना कितीहि सुंदर असला तरी तो दिवाणखान्यांत शोभेल.

शेवटीं एक विनंति. वाफेच्या इंजिनांवर काम केलेले ड्रायव्हर, फिटर व सुतार आतां थोडे उरले आहेत, आणि जे आहेत ते वृद्ध आहेत. त्यांच्या हातांस जें ठाऊक आहे तें कोणत्याहि दफ्तरांत लिहिलेलें नाहीं. कर्जत, नेरळ, पनवेल, रोहें ह्या बाजूच्या वाचकांनीं अशा मनुष्यांकडे जातांना प्रश्नांची यादी नेण्यापेक्षां एखादा अर्धवट, चुकीचा कां होईना, पण नमुना न्यावा. प्रश्न ऐकून मनुष्य आठवण्याचा प्रयत्न करितो. चुकीचें चाक पाहून त्याचा हात आपोआप पुढें येतो. त्यानें काय दुरुस्त केलें तें त्याच दिवशीं, तारीख घालून, लिहून ठेवावें.